येताना लोड असतो

माझ्या दुकानात भिंतीवर दोन घड्याळं होती आणि त्यातलं एक मागे होतं. किती मागे आणि का मागे, ते पुढे सांगते. पण ते मागे आहे ही बातमी मला रोज कोणीतरी नव्याने द्यायचं. कुरियरवाला द्यायचा, गिऱ्हाईक द्यायचं, पाणी प्यायला आत आलेला अनोळखी माणूससुद्धा द्यायचा. "मॅडम, सेल बदला." समोरच्या चहावाल्याला तर माझी इतकी दया आली की मी बँकेत गेलेली बघून तो स्टुलावर चढला आणि ते घड्याळ त्याने बरोबर करून ठेवलं. परत आल्यावर मला दोन्ही घड्याळं एकच वेळ दाखवताना दिसली आणि तो दारात उभा राहून शाबासकीची वाट बघत होता. मी त्याला शाबासकी दिली. तो गेल्यावर परत स्टुलावर चढले आणि घड्याळ मागे केलं.

वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला एका इमारतीच्या तळमजल्यावर माझं विमानाच्या तिकिटांचं दुकान होतं. पाटीवर छान इंग्रजी नाव होतं, पण लोकांच्या तोंडी 'तिकीटवाल्या मॅडम' एवढंच. मी राहायला आचोळ्यात, माहेर-सासर दोन्ही कोकणातलं, घरात कोणी कधी विमानात बसलेलं नाही. लग्नानंतर काहीतरी करायचं म्हणून एक कोर्स केला, दुसऱ्याच्या एजन्सीत काही वर्षं बोटं झिजवली आणि मग स्वतःचा गाळा घेतला. गेल्या वर्षी तो बंद केला. आता लोक सोफ्यावर बसून मोबाइलवर तिकीट काढतात आणि फसले की मला फोन करतात. फोन आला की मला बरं वाटतं, हे मात्र मी त्यांना कळू देत नाही.

आमच्याकडचं बहुतेक गिऱ्हाईक आखाताचं. वसई-विरारच्या चार घरांत विचारलंत तर एका घरातला कोणीतरी मस्कतला, दुबईला नाहीतर बहारीनला असतोच. हे लोक काउंटरवर आले की पहिला प्रश्न, "किती लांब आहे?" नवी होते तेव्हा मी उत्साहाने किलोमीटर सांगायची. मुंबई ते बहारीन, अडीच हजार किलोमीटरच्या जरा आत. समोरचा चेहरा कोराच राहायचा. मग माझ्या लक्षात आलं की लांबी कोणालाच नको असते. आई-बापांना विचारायचं असतं की पोरगं हाकेच्या अंतरावर आहे की नाही. त्याचं उत्तर तासांत द्यावं लागतं.

आणि तासांतच सगळी गोची होती. विमानाच्या तिकिटावर निघायची वेळ छापतात ती निघायच्या गावच्या घड्याळाची आणि पोचायची वेळ छापतात ती पोचायच्या गावच्या घड्याळाची. बहारीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. माझ्या भिंतीवरचं दुसरं घड्याळ तेच. त्यामुळे कागदावर दिसायचं असं: मुंबईहून सकाळी दहाला निघणार, बहारीनला सव्वाअकराच्या सुमाराला पोचणार. परत येताना तिकडून दुपारी बाराला निघणार आणि मुंबईला पोचणार संध्याकाळी सहाला. वजाबाकी येणारा कोणीही माणूस काय म्हणेल? जायला सव्वा तास, यायला सहा तास. खरं तर जाऊ दे नाहीतर येऊ दे, विमान आकाशात असतं ते साडेतीन-पावणेचार तास. पण कागदावरचं छापील अक्षर आणि माझं तोंडी बोलणं यांत लोक कशावर विश्वास ठेवणार?

तिकिटाच्या तळाशी बारीक अक्षरांत खुलासा असायचा की सर्व वेळा 'लोकल' आहेत. ज्याने कोणी हे छापलं तो वसई-विरारला कधी आलेला नसावा. चंदनसारचे एक गृहस्थ, चांगले सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, तिकीट नीट वाचून परत माझ्याकडे आले. म्हणाले, "मॅडम, बाकी सगळं कळलं. फक्त ही दहाची लोकल विरारहून सुटणारी की बोरिवलीहून, ते लिहिलेलं नाही." मी हसू दाबून समजावलं. त्यांनीही ऐकून घेतलं, आणि जाताना दारातून वळून विचारलं, "स्लो की फास्ट?" ते थट्टा करत होते की नाही हे मला आजतागायत ठाऊक नाही.

या जाण्या-येण्याच्या फरकाचा सर्वांत पक्का खुलासा होता पास्कू अंकलकडे. अंकल पूर्वी बस चालवायचे. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी चर्चमधली मिस्सा आटोपून माझ्या दुकानात पेपर वाचायला येऊन बसायचे. घरी पेपर येत होता, पण घरी वाचला तर बोलायला कोणी नाही. मुलगा मस्कतला आणि सूनही तिकडेच. कोणी गिऱ्हाईक बुचकळ्यात पडलं की मी तोंड उघडायच्या आत अंकल पेपर खाली करायचे.

"त्याच्यात काय एवढं? येताना लोड असतो."

"लोड?"

"जाताना माणूस काय नेतो? दोन शर्ट आणि आईचं लोणचं. येताना काय आणतो? टीव्ही, कांबळी, परफ्यूम, खजूर. प्रत्येकाचे सामानाचे तीन-तीन डाग. विमान जड होतं. मी गाडी चालवलीय बाबा, भरलेली गाडी आणि रिकामी गाडी यात फरक असतो."

गिऱ्हाईक समाधानाने मान डोलवायचं. मी किती वेळा सांगितलं, "अंकल, असं नसतं. उलट येताना विमान थोडं लवकर येतं. इतक्या उंचावर पश्चिमेकडून वारा वाहत असतो. जाताना तो समोरून लागतो, येताना पाठीमागून." अंकल माझ्याकडे प्रेमाने बघायचे आणि म्हणायचे, "मॅडम, तुम्ही गाडी चालवलीय का कधी?" मी चालवली नव्हती. मग वाद तिथेच संपायचा.

आणि खरा प्रवास विमानाचा नव्हेच, तो घरापासून विमानतळापर्यंतचा. खाडीवरच्या पुलाने किती जणांची विमानं चुकवली असती, मी दटावून दटावून त्यांना घरातून लवकर काढलं नसतं तर. विमानाची वेळ कंपनी सांगते, पुलाची वेळ देवालाही सांगता येत नाही. जूचंद्रहून विमानतळ गाठायला कधीकधी जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणूस समुद्र ओलांडतो. हे मी उगीच सांगत नाही, पुढे हाच पूल माझ्या आड आला.

जूचंद्रच्या हिराबाय माझ्या दुकानात आल्या त्या त्यांच्या मुलाच्या, मंगेशच्या मागोमाग, कमरेला पट्टा बांधून. साठी ओलांडलेली, लुगडं नेसलेली, तरुणपणी मिठागरावर काम करून तळपायांना भेगा पडलेली बाई. त्यांची मुलगी वनिता बहारीनला नर्स, जावईही तिकडेच नोकरीला. वनिताला दिवस गेले होते. याआधी दोनदा पोटातलं मूल राहिलं नव्हतं, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी या वेळी तिला विमानात बसायला साफ मनाई केली होती. बाळंतपणाला माहेरी यायचं ते राहिलं, आता माहेरानेच तिच्याकडे जायला हवं होतं. मंगेशने कागदपत्रं जमवली होती, फक्त तिकीट काढायचं बाकी होतं. आणि हिराबाय नाही म्हणत होत्या.

"आई, बस ना जरा," मंगेश म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "मॅडम, तुम्हीच सांगा हिला. माझं ऐकत नाही."

झालं होतं असं की वर्षभरापूर्वी हिराबाय अंगणात पडल्या होत्या. कंबर अजून धरलेली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चार तासांच्या वर एका जागी बसायचं नाही.

"जावाला काय नाय, बाय," हिराबाय मला म्हणाल्या. "सवा तासान पोचन मी. पन यवाला सा तास. सा तास मी नाय बसाची. मंग काय करू, तिकडंच ऱ्हाऊ?"

"मावशी, साडेतीन तासच लागतात. दोन्हीकडून."

"ह्यो पन तेच बोलतो. मोबाइल बगतो नि बोलतो." त्यांनी मुलाकडे बोट केलं. "त्याचा मोबाइल पुलावर अर्धा तास दाखवतो नि दोन तास आमी थयंच. त्या मोबाइलचा काय खरा?"

 मंगेश त्याच पुलावरून रोज अंधेरीला कामाला जात होता.

"नि मना वनीनच सांगितलान," हिराबाय पुढे म्हणाल्या. "मागं ती सुट्टीला आयली तवा तिन तिकडशी फोन केलान, आई, बारा वाजलं, विमान सुटतंय. नि हिकडं उतरली तवा सा. माजी पोर खोटा बोलन काय?"

मी म्हटलं, विमानात उठून चार पावलं फिरता येतं, सगळे फिरतात. त्यावर त्या म्हणाल्या, "फिराला त्यो काय देवलाचा आवार हाय?"

हे सगळं पेपरमागून ऐकत असलेल्या पास्कू अंकलना राहवलं नाही. पेपर खाली आला. "बाई बरोबर बोलते. येताना लोड असतो." आणि त्यांनी कांबळी-टीव्हीपासून सगळं परत सांगितलं. हिराबायनी ते लक्षपूर्वक ऐकलं. मग म्हणाल्या, "मंग मी येतानी कायच नाय आनत. पन बाकीची मानसा आनतील त्याचा काय?" मंगेशने कपाळाला हात लावला.

मला त्या क्षणी अंकलचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण हिराबायकडे बघितलं तर त्या हसत नव्हत्या. त्यांचे डोळे भरले होते. बाई हट्टी नव्हती, घाबरलेली होती. लेकीजवळ जायचं तर होतंच. दोन्ही वेळचं दुःख त्या पोरीने तिकडे एकटीने गिळलं होतं आणि आई इथे फोन कानाला लावून बसली होती. तिसऱ्या वेळेलाही तेच व्हायचं का, हा प्रश्न होता. आणि अडलं होतं कशावर, तर दोन घड्याळांवर.

मी भिंतीकडे बोट केलं. "ते बघा, ते बहारीनचं घड्याळ."

"मागं हाय त्यो," त्या म्हणाल्या. "सेल संपलाय."

मग मला एकदम मिठागर आठवलं. मी काही मिठागराची माणूस नाही, पण इतकी वर्षं या लोकांत काढली, काही तरी कानावर पडतंच. मी विचारलं, "मावशी, तिकडे समुद्राच्या तोंडाशी भरती लागली की तुमच्या मिठागरात लगेच पाणी येतं?"

"लगेच कसा येल? पानी आदी नायगावच्या खाडीन भरतं. मंग आमच्याकडं. मागाशी."

"पण भरती एकच ना?"

"येकच. पानी चालत येतं, त्याला टाइम लागतो."

"उन्हाचं तसंच आहे बघा. सूर्य आधी आपल्या डोक्यावर येतो, तेव्हा आपल्याकडे बारा वाजतात. तो सरकत सरकत बहारीनच्या डोक्यावर जातो, तेव्हा त्यांच्याकडे बारा. तोवर आपल्याकडे अडीच वाजलेले असतात. त्यांना ऊन मागाहून मिळतं, तुमच्या मिठागराला पाणी मिळतं तसं."

 हिराबाय त्या घड्याळाकडे बघत होत्या. मंगेश काही बोलायला गेला तर त्यांनी हातानेच त्याला थांबवलं.

"म्हंजे वनीन फोन केलान, बारा वाजलं बोलली, तवा आपल्याकडं अडीच?"

"अडीच."

"अगो बाय," त्या हळूच म्हणाल्या. "मी जेवून, भांडी घासून आडवी पडली व्हती तवा आयला तिचा फोन. मना वाटला, पोर यवरी शिकली नि तिचा घड्याल बंद. बोलली नाय मी तिला, तिकडं येकटी ऱ्हाते, उगाच वायट वाटल."

मंगेश खो खो हसला, मीही हसले आणि शेवटी त्याही हसल्या. मग त्यांनी स्वतःच बोटांवर मोजलं, अडीच ते सहा. साडेतीन. पुन्हा एकदा मोजलं. मी वाऱ्याचंही सांगितलं, की येताना तो पाठीमागून असतो, म्हणून यायला जाण्यापेक्षा थोडा कमीच वेळ लागतो. ते त्यांना लगेच पटलं. भरतीबरोबर होडी कशी सुटते ते त्यांना मी सांगायची गरज नव्हती. पास्कू अंकल तेवढे नाराज झाले. "आणि मग लोड?" त्यांनी विचारलं. आणि ते परत पेपरात शिरले.

"काढू तिकीट?" मी विचारलं. "कधी जायचं?"

"आदी यवाचा काढ," हिराबाय म्हणाल्या.

"आधी जायचं काढतात, मावशी. मग यायचं."

"घरान निगतानी तू काय बोलतेस? जाते बोलतेस?"

"येते म्हणते."

"मंग? आदी यवाचा काढ."

इतक्या वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कॉम्प्युटर काही येण्याचं आधी घेत नाही, त्याला जाण्याशिवाय पुढे सरकता येत नाही. पण मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत येण्याची तारीख आणि वेळ आधी लिहिली, जाण्याची तिच्याखाली लिहिली आणि कागद त्यांच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी मंगेशकडून खात्री करून घेतली की वरचं येण्याचंच आहे, आणि कागद कनवटीला लावला. त्या दिवसापासून म्हाताऱ्या माणसांना मी तारखा याच क्रमाने लिहून द्यायला लागले. कोणी कारण विचारलं नाही.

निघायच्या आधी सामान बांधण्यावरून हिराबायचा एक फोन आला. डिंकाचे लाडू, सुके बोंबील, शेकासाठी ओवा, हे सगळं ठीक. मग म्हणाल्या, "नि रांगोली नेते, दोन किलो." जूचंद्रची माणसं रांगोळीशिवाय शुभकार्य करत नाहीत, हे सगळ्या तालुक्याला माहीत. पण म्हातारी बाई पांढऱ्या पुडीच्या दोन पिशव्या घेऊन परदेशी विमानतळावर उतरलेली माझ्या डोळ्यांपुढे आली. मी म्हटलं, मावशी, नका. त्या म्हणाल्या, बारशाला पाळण्याखाली रांगोली नको? शेवटी तांदळाच्या पिठावर तडजोड झाली, तेही तिकडचंच पीठ. त्यावर त्या माझ्याशी दोन दिवस जरा तुटकच बोलत होत्या.

गेल्या त्या. पुलावर गाडी अडकली, पण मी त्यांना इतक्या आधी घरातून काढलं होतं की विमानतळावर बसून बसूनच कंबर धरली, असं मंगेश म्हणाला. मग आठवडाभर काही कळलं नाही. नंतर एका सकाळी मंगेश दुकानात आला तो पेढे घेऊनच. मुलगी झाली होती, आई आणि बाळ दोघी ठणठणीत.  पास्कू अंकलनी दोन घेतले, एक स्वतःचा आणि एक, म्हणे, मस्कतच्या नातवाच्या वाटचा. तो नातू त्यांनी अजून फक्त मोबाइलवर पाहिला होता.

त्यानंतर गंमत झाली. येण्याचं तिकीट आधी काढायला लावणाऱ्या हिराबायचा निरोप आला, येण्याची तारीख पुढे ढकल. मी ढकलली. थोड्या दिवसांनी परत, अजून ढकल, पोरीची अंघोळ-मालीश कोण करणार. मी परत ढकलली. तिसऱ्यांदा मात्र ढकलता येईना, राहायच्या परवानगीची मुदत संपत आली होती.

परत आल्यावर त्या मला भेटायला दुकानात आल्या. कमरेचा पट्टा नव्हता. हातात खजुराचा एक छोटा डबा, बाकी काही आणलं नाही म्हणाल्या, सामान हलकंच ठेवलं. मोबाइलवरचा फोटो दाखवला. पाळण्याखाली, परक्या देशातल्या लादीवर, तांदळाच्या पिठाची भरगच्च रांगोळी होती. पाळण्यातली पोर झोपेत कपाळाला आठी घालून होती, अगदी आजीसारखी.

"कंबर कशी राहिली?" मी विचारलं.

"कंबरेचा काय नाय झाला."

"बघा. आणि येताना लवकर आलात ना? मी म्हटलं होतं, वारा पाठीमागून असतो."

त्यांनी मोबाइल पदराने पुसला, पिशवीत ठेवला, पिशवीची नाडी ओढली. मग म्हणाल्या, "नाय गो बाय. जातानी कवा पोचली ते कललाच नाय. यवाचाच लांब गेला. संपच नाय व्हता."

माझ्या ओठांवर 'साडेतीन तास' आलेलं होतं. तेवढ्यात कोपऱ्यातून, पेपर खाली न करता, पास्कू अंकल म्हणाले, "येताना लोड असतो."

हिराबायनी त्यांच्याकडे बघितलं. "हाव अंकल," त्या म्हणाल्या. "असतो."

अंकलच्या त्या लोडशी मी इतकी वर्षं भांडत आले होते.  त्या दिवशी मी खजुराचा डबा उघडला आणि आधी अंकलपुढे धरला.